जंगलाला उलटी प्रदक्षिणा

चूक माझी होती. प्रवासवर्णन सामान बांधण्यापासून सुरू करतात, पण माझ्या सामानात सगळ्यांत जड तीच होती, म्हणून ती आधी उघडून दाखवतो.

मी औषधांचे रेणू बनवणारा रसायनशास्त्रज्ञ आहे. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा आहे आणि आमचा विषय वेदना. आपल्या मेंदूत काही प्रथिनं कुलपांसारखी बसलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात. काही कुलपांत अफूतलं मॉर्फिन किल्लीसारखं बसतं आणि दुखणं थांबतं. काही कुलपांत गांजातलं द्रव्य बसतं. आमचा बेत असा, की एकाच रेणूला दोन तोंडं द्यायची आणि दोन्ही कुलपं थोडी थोडी उघडायची. दुखणं थांबावं, पण व्यसन लागू नये आणि श्वास मंदावू नये, ही आशा.

या रेणूच्या अफूकडच्या तोंडावर नायट्रोजनचा एक अणू असतो. त्याला कार्बनची आखूड शेंडी लावली की कुलूप उघडतं. थोडी लांब शेंडी लावली, तर किल्ली आत जाते आणि तिथेच अडकून बसते. ते औषध नव्हे, औषधाचा अडसर. तुलनेसाठी आम्ही दोन्ही बनवतो. दोन्ही पांढरी पूड. दोन काचेच्या बशांत घालून मी ती ओव्हनमध्ये वाळत ठेवली होती, औषध वरच्या खणात, अडसर खालच्या. चिठ्ठ्या बशांवर नव्हत्या, खणांवर होत्या.

त्या दिवशी कँटीनचा मायक्रोवेव्ह बंद होता. मी बशा बाहेर काढल्या, ओव्हनमध्ये माझा डबा गरम केला आणि बशा परत ठेवल्या. उलट्या ठेवल्या, वरची खाली आणि खालची वर. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये अन्न ठेवणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, आणि नव्या मुलांना तो गुन्हा आहे हे शिकवणारा माणूस मीच आहे. डब्यात भरलं वांगं होतं. त्या दुपारी मला फार शांत वाटलं होतं, पण ते वांग्यामुळे असावं.

पूड गेली सामंत मॅडमकडे. त्या औषधं उंदरांवर तपासतात. उंदराच्या शेपटीला सोसवेल इतकी ऊब द्यायची आणि तो शेपटी कधी बाजूला घेतो ते बघून स्टॉपवॉच दाबायचं. औषध लागू पडलं असेल तर शेपटी उशिरा हलते. मॅडमनी सांगितलं, शेपट्या लगेच हलतायत. मी भरल्या मीटिंगमध्ये म्हणालो, "मॅडमना शेपटी न हलताच हललेली दिसते. वय झालं की होतं असं. डोळे दाखवून घ्या."

आपली चूक असू शकते असं मॅडमना खरोखर वाटतं, ही त्यांची खोड आहे. त्यांनी डोळे दाखवून घेतले.

नंतर एका शुक्रवारी संध्याकाळी मी औषध म्हणून दिलेली, उरलेली पूड रेणूची रचना रेघेत दाखवणाऱ्या यंत्रात घातली. हेतू मॅडमना खोटं पाडण्याचा. जिथे रेघ सपाट यायला हवी होती तिथे लांब शेंडीच्या टेकड्या उभ्या राहिल्या. मी त्या टेकड्यांकडे बघत असताना मॅडमची सहायक नेहा पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली, "सर, उद्या संध्याकाळी मॅडमच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. तुम्ही बोललात ना, तेव्हापासून त्यांनी मनावरच घेतलंय. कुठल्या हॉस्पिटलात ते नाही सांगितलं."

मुलुंड

मी मुलुंडला राहतो, मॅडम बोरिवलीला. आमच्या गच्चीवरून डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी त्यांची सोसायटी. मधल्या जंगलातून बिबट्या रात्रीत पलीकडे जाऊन येत असेल. माणसाला वळसा घालावा लागतो. त्यामुळे मुलुंडकर बोरिवलीला जातो तो लग्नाला किंवा मयताला. माझी बायको शुभदा चहा गाळत होती.

"फोन कर ना सरळ."

"केला. उचलत नाहीत."

"मेसेज?"

"लिहिला, खोडला. 'डोळे चांगले आहेत, ऑपरेशन करू नका' असं लिहिलं तर धमकी वाटते."

"मग जा. पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

"पेढे नेऊ?"

"पास झालायस का तू? नारळ ने. नारळ कशालाही चालतो."

तिने सोललेला, शेंडीचा नारळ पिशवीत घातला आणि वर थेपले बांधून दिले, कारण तिच्या मते घोडबंदर रस्त्यावर काय होईल ते सांगता येत नाही. काही झालं नाही. बस वेळेवर पोचली. थेपले मी मॅडमसमोर जायची भीती वाटून बसमध्येच संपवले.

बोरिवली

बोरिवली आमच्यासारखीच आहे, पण सगळं थोडं रुंद. मुलुंडात पाहुणा आला की आधी पाणी विचारतात. इथे वॉचमनने, लिफ्टमधल्या बाईंनी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका अनोळखी गृहस्थांनी मला आधी विचारलं, गाडी कुठे लावलीत. गाडी नाही म्हटल्यावर तिघांनाही माझं वाईट वाटलं.

मॅडमच्या सासूबाईंनी दार उघडलं. मूळच्या मालवणच्या, कानाने तीक्ष्ण, अंगावर धुवट लुगडं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून बाहेर आलेल्या नारळाच्या शेंडीकडे पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"येवा, बसा. तुमी उद्या येतलात म्हणान सांगितलेलां मां?"

"मी आजच आलो. उशीर झाला असता."

"बरां केलात. पण चेडू घराक नाय. आवशीवांगडा गेलाहा."

मी म्हटलं, मला आईशीच बोलायचंय. हे त्यांना रीतसर वाटलं. त्यांनी नारळ माझ्या हातातून घेऊन देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावलं आणि पाटावर बसवून मला खोबऱ्याची वडी दिली.

"झील काय करता?"

"माझा मुलगा? नववीत आहे."

त्यांनी वडीची बशी थोडी मागे घेतली. "नववीत? मगे इतकी घाई कित्याक?"

मॅडमच्या मुलीला, पूर्वाला, दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते, हे मला समोरच्या घरातल्या अण्णांनी येऊन समजावलं. अण्णा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आवाज ऐकून आले होते. मी खुलासा केला, की मी मुलाचा बाप नाही, मॅडमचा सहकारी आहे, अफू आणि गांजा यांवर आमचं काम चालतं. सासूबाईंनी वडीची बशी उचलून आतच नेली. अण्णा मात्र खुर्ची ओढून जवळ सरकले.

"गुडघ्यासाठी काही आहे का तुमच्यात?"

"अजून उंदरांपर्यंतच पोचलोय."

"पण मला सांगा, अफूसाठी आपल्या डोक्यात कुलपं आहेत म्हणता. मी आयुष्यात अफू खाल्ली नाही. मग माझ्या डोक्यात ती कशाला?"

"शरीर स्वतःच तसं द्रव्य बनवतं. मार लागला, धावपळ झाली की सुटतं."

"म्हणजे घरचीच अफू?"

"तसंच. गांजाच्या कुलपांचंही तेच."

"गांजासुद्धा घरचाच?" अण्णा खूष होऊन मागे टेकले. "आणि आम्ही पेन्शनीत भागवत बसलोय."

तेवढ्यात मी मॅडमना पुन्हा फोन लावला. तो देवघरात वाजला. निरांजनाशेजारी, माझ्याच नारळाला टेकून. ऑपरेशनला दागिने आणि मोबाइल आणू नका असं सांगितलं होतं, म्हणून त्या ठेवून गेल्या होत्या. त्या कालपासून आरे कॉलनीत भावाकडे होत्या आणि तिथूनच पुढे हॉस्पिटलात जाणार होत्या. हॉस्पिटल कुठलं ते भावाला माहीत. भावाचा आणि पूर्वाचाही नंबर मॅडमच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल मॅडमच्या बोटाशिवाय उघडत नव्हता.

निघताना सासूबाई दाराशी आल्या. माझ्याबद्दल त्यांचं मत काही का असेना, आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी मला एक नारळ दिला. मी आणलेल्यापेक्षा मोठा होता.

आरे कॉलनी

बोरिवलीहून आरेत शिरलं की मुंबई कोणीतरी खिशात घालून नेल्यासारखी वाटते. झाडीतून जाणारा रस्ता, मधूनच पाड्यातल्या कोंबड्या, आणि मग म्हशींचे गोठे. मॅडमचे भाऊ, सुहास, एका गोठ्यावर देखरेखीला आहेत. रबरी बूट घालून ते पाण्याचा पाइप धरून उभे होते. मी नाव सांगितलं.

"देवधर? डोळेवाले देवधर?"

"हो."

"ताई आताच गेली पूर्वाबरोबर. तुम्ही या असे इकडे. बघा काय करून ठेवलंयत."

त्यांनी मला म्हशींच्या रांगेमागे नेलं. मीटिंगनंतरच्या प्रत्येक रविवारी मॅडम इथे येत होत्या. स्टॉपवॉच घेऊन. सुहास म्हशीच्या पाठीवर गवताची काडी फिरवायचे, म्हैस शेपटी मारायची, मॅडम घड्याळ दाबायच्या. पूर्वा बाजूने मोबाइलवर चित्रण करायची, मग सगळे मिळून ते हळू करून बघायचे, की शेपटी हलली तेव्हाच ताईने दाबलं की आधी. नजर तपासण्याची ही पद्धत शास्त्राला धरून होती. मलाही हीच सुचली असती. गोम एवढीच, की उंदराला एकच ऊब दिलेली असते आणि म्हशीवर माश्या असतात. म्हैस काडीशिवायही शेपटी मारते. ताईने दाबायच्या आधी मारते, नंतर मारते, काही म्हशी तर नुसत्या विचाराने मारतात.

"मी किती सांगितलं तिला," सुहास म्हणाले, "अगं ताई, म्हैस आहे ती, तिला तुझा प्रोटोकॉल माहीत नाही. ऐकेल तर शपथ. म्हणाली, सुहास, मला नाही ते दिसतंय. झालं. गेली डॉक्टरकडे. तो म्हणाला, थोडा मोतीबिंदू आहे, घाई नाही, पण हवं तर काढू. ताई म्हणे, हवं."

मी म्हटलं, चूक डोळ्यांची नव्हती, पुडीची होती. ओव्हनचं सांगितलं. वांग्याचंही सांगितलं. सुहासने पाइप बंद केला.

"म्हणजे ताईचे डोळे ठीक?"

"अगदी ठीक."

"आणि तुमचे?" त्यांनी खुंटीवरचं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. मॅडमचंच होतं. "दाबा. बघू या."

नाही म्हणण्याची माझी लायकी नव्हती. मी म्हशीच्या मागे उभा राहिलो. सुहासने काडी फिरवली. मी शेपटीकडे इतकं लक्ष देऊन बघत होतो, की ती हलली हे मला ती माझ्या तोंडावर बसल्यावर कळलं. शेणाने भिजलेली शेपटी चाबकासारखी लागते. काही क्षणांनी घरची अफू सुटते हे मी स्वतः अनुभवलं, पण ती पुरत नाही.

"दाबलंत?" सुहास म्हणाले.

"राहिलं."

"ताईने एवढं कधी नाही चुकवलं हो. ऑपरेशनला तुम्हालाच न्यायला हवं."

तोंड धुऊन मी म्हटलं, पूर्वाला फोन लावा, आत्ताच सांगतो. सुहासने मान हलवली. "फोनवर सांगितलंत तर ताई म्हणेल, धीर द्यायला खोटं बोलतायत. मी ओळखतो तिला. समोर जाऊन सांगा. घाटकोपरला आहे. चार वाजता आत घेणार आहेत. आधी जेवा."

जेवायला वेळ नाही असं मी म्हणेपर्यंत त्यांच्या बायकोने माझ्या पिशवीतला सासूबाईंचा नारळ फोडलाही होता. तो काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात गेला. आंबोळ्या मऊ आणि जाळीदार होत्या, सांबारं तिखट होतं आणि मी दोनदा मागून घेतलं. माफी मागायला निघालेल्या माणसाला इतकी भूक लागावी याची मला शरम वाटली. आमच्या घरी अपराधी माणूस ताटात टाकतो. इथे तसं चालत नाही, वाढणारी बाई समोर उभी असते.

मग सुहासने मला दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मध्ये बसवून दिलं. पवईचा चढ, विक्रोळी, मग हायवे, असा तो मला घाटकोपरला सोडणार होता. प्रत्येक स्पीडब्रेकरला सगळे कॅन एकदम बोलत. मी त्यात माफीची वाक्यं जुळवत होतो.

घाटकोपर

डोळ्यांचं इस्पितळ दुसऱ्या मजल्यावर होतं. आतल्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग, आणि प्रत्येक खुर्चीत हिरवा गाऊन, हिरवी टोपी, कपाळावर चिकटपट्टीची खूण. डोळ्यांत थेंब घालून सगळ्यांना डोळे मिटून बसवलेलं. रांगेत फक्त दोन बायका होत्या. पूर्वा खाली औषधं आणायला गेली होती. मी पहिल्या बाईंसमोर जाऊन उभा राहिलो, कारण त्यांची हनुवटी मॅडमसारखी वर होती.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बोललो नसतो. दोन बशा, दोन खण, बंद मायक्रोवेव्ह, उलट्या ठेवलेल्या बशा, मीटिंगमधलं वाक्य, सगळं एका श्वासात सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"डब्यात काय होता?" त्यांनी विचारलं.

"भरलं वांगं."

"तेल बहु होता?"

"थोडं."

"तो जाऊ दे, भाई. माफ केला. माझा मिस्टर तर तीस वरसमधी एकदा बी सॉरी नाय बोलला."

पलीकडच्या खुर्चीतून आवाज आला. "देवधर, मी इकडे आहे. जिग्नाबेन, थँक यू."

मॅडमनी डोळे उघडले होते. अफूने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. थेंबांनी मॅडमच्या बाहुल्या पिकल्या जांभळाएवढ्या झाल्या होत्या. त्या माझ्या दिशेने बघत होत्या, पण मी त्यांना दिसत नसणार. वास मात्र येत असणार.

"सुहासकडे गेला होतात?"

"हो."

"मग खरं असेल. नुसता धीर द्यायला कोणी गोठ्यातून येत नाही." त्या खुर्चीत सरळ बसल्या. "म्हणजे मी तपासला तो अडसर होता."

"हो."

"उंदरांनी शेपट्या हलवल्या त्या खऱ्याच हलवल्या."

"खऱ्याच."

"आणि मला दिसलं ते होतं."

"होतं, मॅडम."

त्यांनी टोपी जरा मागे सारली. "मीटिंगपासून मी रस्ता ओलांडताना पूर्वाचा हात धरतेय, देवधर. म्हटलं, जे नाही ते दिसतंय, तर जे आहे ते दिसेल कशावरून."

मी म्हटलं, "मला खूप वाईट वाटतं, पण त्या दिवशी मायक्रोवेव्ह—"

"थांबा. 'पण' नको."

"माफ करा, परंतु खणांवरच्या चिठ्ठ्या—"

"परंतु बी नाय चालणार, भाई," जिग्नाबेन डोळे मिटूनच म्हणाल्या.

डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. मॅडमनी विचारलं, आज नाही केलं तर काय होईल. ते म्हणाले, काही नाही, मोतीबिंदू अजून कोवळा आहे, काही वर्षांनी केलंत तरी चालेल. "मग काही वर्षांनी येते," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. थेंबांमुळे पायरी दिसेना, तेव्हा वर आलेल्या पूर्वाने त्यांचा हात धरला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाक दाबलं.

दाराशी मॅडम वळल्या. "इथे माफी मागून काय उपयोग? इथल्या कोणाला माझे डोळे वाईट वाटत नव्हते. जिथे बोललात तिथे बोला. आणि काय बोलणार ते आत्ता म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. पहिल्या वेळी मी 'अनवधानाने' असा शब्द वापरला, तो त्यांनी काढायला लावला. दुसऱ्या वेळी मी 'आपल्या सगळ्यांकडून' म्हणालो. जिग्नाबेन म्हणाल्या, "सगळ्यांनी वांगा गरम केला?" तिसऱ्या वेळी वाक्यं इतकी लहान झाली, की मला उघडं पडल्यासारखं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "हे ठीक आहे."

घाटकोपरहून मुलुंड अगदी जवळ. घरी आलो तेव्हा मी जंगलाला पूर्ण फेरी घातली होती. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात. माझं जंगल दिवसभर डाव्या हाताला होतं. शुभदाने दारातच विचारलं, "सांगितलंस?"

"अर्धं. उरलेलं सोमवारी."

"आधी आंघोळ कर."

अंधेरी

सोमवारी मीटिंगमध्ये चहा आणि बिस्किटं फिरली. मॅडम नेहमीच्या जागी बसल्या होत्या. आमचे संचालक पुढच्या तिमाहीवर बोलणार होते. मी उभा राहिलो. प्रोजेक्टरचा झोत नेमका माझ्या तोंडावर होता, त्यामुळे मला कोणीच दिसत नव्हतं आणि मी सगळ्यांना दिसत होतो. मी सुरुवात केली, तेव्हा संचालक म्हणाले, "देवधर, हे मीटिंगनंतर बोलू या ना. मिनिट्समध्ये कशाला?"

"मिनिट्समध्ये घ्या," मॅडम म्हणाल्या.

नेहाने लॅपटॉप पुढे ओढला. मी तिला लिहिता यावं म्हणून सावकाश बोललो.

"उंदरांच्या शेपट्या हलल्या होत्या. सामंत मॅडमनी जे पाहिलं ते बरोबर होतं. ओव्हनमध्ये मी माझा डबा गरम केला, बशा उलट्या ठेवल्या आणि औषधाऐवजी अडसर दिला. मग दोष त्यांच्या डोळ्यांना दिला. मॅडम, मला माफ करा."